रोमा जनतेचा वारसा : उत्सव आणि हक्क

(८ एप्रिल, आंतरराष्ट्रीय रोमा दिनानिमित्त अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युरोपात आज एक कोटीहून अधिक रोमा लोक राहतात, असा अंदाज आहे. ‘जिप्सी’ हे नाव त्यांना इतरांनी दिले. हे लोक इजिप्तमधून आले, ह्या गैरसमजातून ते रूढ झाले. त्यांचा स्वतःचा शब्द ‘रोम’. त्याचा अर्थ पुरुष, नवरा, आपल्यातला माणूस. १९७१ साली ८ एप्रिलला लंडनजवळ ऑर्पिंग्टन येथे निरनिराळ्या देशांतील रोमा प्रतिनिधींची पहिली जागतिक परिषद भरली. निळ्या व हिरव्या पट्ट्यांवर लाल चक्र असलेला ध्वज आणि ‘गेलेम, गेलेम’ हे गीत ह्या परिषदेने आपले मानले. त्या परिषदेचे स्मरण म्हणून ८ एप्रिल हा दिवस पाळण्याचा निर्णय १९९० साली पोलंडमधील परिषदेत झाला. आजचा उत्सव हा असा एका राजकीय परिषदेतून निघालेला आहे, कोणत्याही पुराणकथेतून नव्हे. गीताचे शब्द रचणारे झार्को योव्हानोविच हे नाझींच्या छळछावण्या भोगून युगोस्लाव्हियाच्या पार्टिझन लढ्यात उतरलेले गृहस्थ होते; फॅसिस्टांनी केलेल्या रोमांच्या कत्तलीची वेदना त्या गीतात आहे.

‘गेलेम’ म्हणजे ‘मी गेलो’. मराठी कानाला हा अर्थ सांगावा लागत नाही. (दोन्हीकडचा ‘ल’ निराळ्या वाटेने आला, असे भाषाशास्त्र सांगते, धातू मात्र एकच आहे.) मी अनुवादाचे काम करतो, तेव्हा भाषेपाशी थोडा अधिक रेंगाळलो तर आपण समजून घ्याल. १७८२ साली योहान रूडिगर ह्या जर्मन अभ्यासकाने रोमानी भाषा हिंदुस्थानी भाषांच्या कुळातली आहे, हे साधार मांडले. पाण्याला पानी, सापाला साप्, भुकेला बोख, सुरीला छुरी, काळ्याला कालो. मिठाला लोन, आपल्या लोणच्यातही तेच ‘लवण’ आहे. हिंदीने ‘दिन’ पत्करला, मराठीने ‘दिवस’ राखला, आणि रोमानीतही दिवस हा ‘दिवेस’च आहे. माणूस म्हणजे ‘मनुश’. फ्रान्समधील एक समूह आजही स्वतःस ‘मानुश’ म्हणवितो. ख्रिस्ताच्या क्रुसाला त्यांनी ‘त्रुशुल’, म्हणजे त्रिशूल, म्हटले.

परंतु सहापर्यंतचे अंक आपले, आणि सात, आठ, नऊ मात्र ग्रीक: एफ्ता, ओख्तो, एन्या. रस्त्याला ‘द्रोम’ म्हणतात, तोही ग्रीकच. मधल्या वाटेवरचे फारसी आणि आर्मेनियन शब्दही भाषेत बसलेले आहेत. ज्यांना आपला इतिहास लिहून ठेवण्याची संधी मिळाली नाही, त्यांच्या स्थलांतराची नोंद अशी शब्दांत राहिली. बाहेरचे शब्द घेऊनही ती भाषा त्यांचीच राहिली, हे इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या साथींना वेगळे समजावून सांगायला नको.

ह्या नात्याचा आपल्याकडे जो उपयोग केला जातो, त्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. माजी राजनैतिक अधिकारी व भाषापंडित वी. रा. ऋषी १९७१ च्या परिषदेस उपस्थित होते. पुढे त्यांनी चंडीगढ येथे रोमा अभ्याससंस्था स्थापन केली. त्यांच्या परिश्रमाचे मोल मोठे आहे. पण २०१६ साली दिल्लीत भरलेल्या परिषदेत राज्यकर्त्यांनी रोमांना भारताची लेकरे म्हणून गौरविले, तेव्हा युरोपातील फॅसिस्ट वृत्तीचे लोक त्यांना नेमके हेच ऐकवीत होते, की तुम्ही इथले नव्हेत. सहा-सातशे वर्षे ज्या भूमीत घाम गाळला, त्या भूमीवरचा हक्क आपल्या मायेच्या एका वाक्याने पातळ होत असेल, तर ती माया आपण आवरती घेतलेली बरी.

आणि घाम म्हणजे शब्दशः घाम. आजच्या रुमानियाचे भाग असलेल्या वालाकिया व मोल्डाव्हिया ह्या संस्थानांत रोमा हे सुमारे पाचशे वर्षे गुलाम होते. राजा, मठ आणि बोयार म्हणजे जमीनदार, असे तीन प्रकारचे मालक; विक्री, देणगी, वाटणी ह्यांत माणसांची गणना होई. १८५५-५६ साली ही गुलामगिरी कायद्याने संपली. ह्या लोकांना ऐदी भटके म्हणणाऱ्यांनी त्यांच्या पोटजातींची नावे पाहावीत: काल्देराश म्हणजे तांब्याची भांडी घडविणारे, लाउतारी म्हणजे वादक. शेतजमीन नाही, गावात वस्तीची परवानगी नाही, तेव्हा हत्यारे गाडीत घालून गिऱ्हाईक शोधीत हिंडणे एवढेच उरते. त्या हिंडण्यालाच मग कायद्याने गुन्हा ठरविले. फ्रान्सने १९१२ साली भटक्यांवर बोटांचे ठसे असलेली ओळखवही सक्तीची केली. आपल्याकडे पारधी, कैकाडी आदी जमातींना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जे भोगावे लागले, त्याच जातीचा हा कायदा. वंशसंबंध जुळविण्याची घाई न करताही हे साम्य दिसते.

नाझींनी ह्या याद्यांचा व ठशांचा उपयोग कसा केला, हे आपण जाणता. आउशवित्स-बिर्केनाऊच्या छावणीत सुमारे तेवीस हजार रोमा व सिंती नेण्यात आले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या चार हजारांहून अधिक जणांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध, विषारी वायूने मारण्यात आले. युद्धानंतर, १९५६ साली, पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ पूर्वीचा छळ हा वांशिक नव्हता, असा निवाडा दिला. १९८० साली सिंती कार्यकर्त्यांनी डाखाऊच्या छावणीच्या जागी उपोषण केले, आणि १९८२ साली त्या सरकारने हा वंशसंहार होता हे मान्य केले.

आता आपल्या बाजूचे. ऑक्टोबर क्रांतीनंतर रोमानीला लिपी मिळाली, नियतकालिके निघाली, पुश्किनचे साहित्य त्या भाषेत उतरले, १९३१ साली मॉस्कोत ‘रोमेन’ हे नाट्यगृह उभे राहिले. जगात अन्यत्र कोठेही तोवर हे घडले नव्हते. १९३८ पर्यंत शाळा आणि ग्रंथप्रकाशन बंद झाले. नाट्यगृह तेवढे चालू राहिले. गाणे ठेवले आणि पाठ्यपुस्तक काढून घेतले, असा त्याचा अर्थ होतो.

पोलंडमधील पापुशा हिची हकिकत ह्याहून बोचरी आहे. ब्रोनिस्लावा वाइस हे तिचे कागदोपत्री नाव. वादकांच्या ताफ्यात वाढलेली ही मुलगी कोंबड्या देऊन त्या बदल्यात अक्षरे शिकली. युद्धकाळात तिचा ताफा व्होल्हिनियाच्या जंगलात लपून राहिला. त्यावर तिने दीर्घकाव्य रचले. १९४९ च्या सुमारास येझी फित्सोव्स्की हा तरुण कवी त्या ताफ्याबरोबर हिंडला. त्याने तिची कविता पोलिशमध्ये आणली. १९५० पासून ती छापून येऊ लागली. त्याच सुमारास सरकारने भटक्यांना स्थायिक करण्याची मोहीम हाती घेतली. फित्सोव्स्कीने त्या धोरणाची बाजू घेतली, आणि १९५३ च्या आपल्या ग्रंथात रोमानी शब्दसंग्रहही छापला. जे शब्द पोलिसांपासून राखायचे, ते बाहेर गेले. समाजातील वडीलधाऱ्यांनी पापुशाला दोषी धरून बहिष्कृत केले. तिला मनोरुग्णालयात राहावे लागले, आणि पुढची दशके तिने बहुतांशी मौनातच काढली. १९८७ साली ती वारली. फित्सोव्स्कीचा हेतू वाईट नव्हता, सरकारचाही घरे आणि शाळा देण्याचा हेतू खोटा नव्हता. पण ज्यांच्यासाठी योजना, त्यांना कोणी विचारले नव्हते. पापुशाच्या कवितांचा गौरव झाला आणि त्याच कविता मोहिमेच्या कामी लावल्या गेल्या. अनुवादकाच्या पेशात ही हकिकत विसरता येत नाही.

चेकोस्लोव्हाकियात लेती येथे रोमांची छावणी होती. त्या जागी १९७० च्या दशकात डुकरांचे पैदास केंद्र बांधले गेले. ते हटवून स्मारक खुले व्हायला २०२४ साल उजाडले. भांडवलशाही परत आल्यावर तिकडे कारखाने बंद पडू लागले, तेव्हा अकुशल कामांवरचे रोमा मजूर सर्वांत आधी रस्त्यावर आले. २००७ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की झेक शाळांत रोमा मुलांना मंदबुद्धींच्या शाळांत घालणे हा भेदभाव आहे. रोमा स्त्रियांच्या संमतीवाचून झालेल्या नसबंदीची भरपाई देणारा झेक कायदा २०२१ सालचा.

बाल्कनमध्ये ६ मेला हेर्देलेझी साजरा होतो. हिरव्या फांद्या घरी आणतात, कोकरू कापतात, ब्रास बँडचा आवाज गल्लोगल्ली घुमतो. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर २४ मेला काळ्या साराची मूर्ती समुद्रापर्यंत नेतात. हे सण जरूर पाहावेत, त्यांवर लिहावे. उत्तर मॅसिडोनियातील शुतो ओरिझारी ह्या वस्तीत मात्र ढोलाबरोबर मतपेटीही आहे. १९९६ पासून तिची स्वतंत्र नगरपालिका असून महापौर रोमा असतो. आपला वार्ताहर तिकडे गेला, तर त्याने हेर्देलेझीचे वर्णन जरूर पाठवावे, आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचीही चौकशी करावी.

अनुवादापुरती एक सूचना करून थांबतो. मूळ मजकुरात ‘जिप्सी’ असले, तरी अवतरणाखेरीज अन्यत्र ‘रोमा’ छापावे. जर्मनीच्या संदर्भात ‘सिंती व रोमा’ असे दोन्ही शब्द ठेवावेत, कारण तेथील सिंती स्वतःस रोमा म्हणवीत नाहीत.