सर्व्होसाठी घरचा वीजपुरवठा

नंदुरबारच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये छोटं सीएनसी यंत्र जुळवत असाल, तर सर्व्होच्या डीसी पुरवठ्याचं गणित आधी मांडा. ट्रान्सफॉर्मरचे ४५ व्होल्ट एसी ब्रिज रेक्टिफायरनंतर साधारण ६२ व्होल्ट डीसी होतात. कारण कपॅसिटर लहरीच्या शिखरापर्यंत, १.४१ पट, भरतो. शेतीपंप बंद झाले, लाइन २३० वरून २५० वर गेली, की तेच ६८ च्या आसपास! शिवाय मोटर झटकन थांबताना जनित्रासारखी वागते, दाब आणखी चढवते. म्हणून ८० व्होल्ट मर्यादेच्या ड्राइव्हला ५० चा ट्रान्सफॉर्मर जोडायचा मोह टाळाच. कपॅसिटर १०० व्होल्टचा घ्या आणि त्यावर ब्लीडर रेझिस्टर लावा. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेलाच असतो. मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालू नका.