गुलाबाची ऑक्टोबर छाटणी

पाऊस ओसरला की नाशिकच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची लगबग सुरू होते. शहरातल्या अंबड-सिडको भागात ज्यांच्या अंगणात किंवा गच्चीवर गुलाब आहे, त्यांनीही याच सुमारास कात्रीला धार लावावी.

वाळक्या, रोगट आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढा. उरलेल्या जोमदार फांद्या बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरक्या कापा. कापावर बुरशीनाशक बोर्डो पेस्ट लावायला विसरू नका, नाहीतर फांदी शेंड्याकडून वाळत खोडापर्यंत येते. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे मात्र बुडातूनच काढा. ते खुंटाचे असतात. त्यांची दया केली, तर आपला गुलाब मागे पडतो. मग कुजलेलं शेणखत आणि पाणी द्या. साधारण दीड महिन्यात फुलं येतात.

थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसते. द्राक्षवाल्यांची ही जुनी वैरीण! पाण्यात मिसळणारं गंधक फवारा, पण कडक उन्हात नको, पानं करपतात.

उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, बुंध्याशी पालापाचोळा पसरा. द्राक्षाला एप्रिलमध्ये खरड छाटणी लागते. ते पाहून गुलाबावर त्या उन्हात कात्री चालवू नका.

पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका. काळे ठिपके पडलेली पानं वेचा आणि कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको.