बाळ रडल्यानंतरचे दोन तास

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला सभेपुढे दिलेले व्याख्यान)



प्रसूतिसमयीच्या शुश्रूषेवर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय मोठा व वेळ थोडा. म्हणून ज्या वेळेकडे घरच्या माणसांचे लक्ष सर्वांत कमी असते, तिच्याविषयीच मुख्यतः बोलू. ती वेळ म्हणजे बाळ जन्मल्यानंतरचे पहिले दोन तास.

प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर बसलेल्यांच्या कानी बाळाचे रडणे पडले की ‘सुटली एकदाची!’ असा उद्गार निघतो, कोणी पेढ्यांसाठी धावतो आणि बाळ कोणाच्या वळणावर गेले याचा वाद सुरू होतो. आत मात्र आम्हां परिचारिकांचा खरा पहारा तेव्हा बसतो. वार सुटते तेव्हा ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद करण्याची निसर्गाची मुख्य युक्ती म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंनी आवळून त्यांना चिमटीत धरणे. दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयातून दर मिनिटास सुमारे अर्धा लिटर रक्त खेळत असते. स्नायू शिथिल राहिले, तर काय होईल हे निराळे सांगावयास नको.

म्हणून मूल जन्मताच एका मिनिटाच्या आत मातेच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिटांचे इंजेक्शन दिले जाते. वार आली की ती पसरून, अखंड आहे की एखादा तुकडा आत राहिला, हे पाहावे लागते. त्यानंतर दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, नाडी व रक्तदाब पाहावयाचा, कापड उचलून रक्त किती गेले ते पाहावयाचे आणि ओटीपोटावर हात ठेवावयाचा. गर्भाशय कवठासारखे घट्ट लागले पाहिजे. मऊ लागले तर लगेच चोळावे. लघवी तुंबली असली तरीही गर्भाशय आवळत नाही. यास्तव थकल्या बाळंतिणीस आम्ही लघवीसाठी उठवतो, तेव्हा ‘किती ग छळता तिला!’ असे बोल ऐकून घ्यावे लागतात.

एका प्रसंगाची आठवण आम्हांस आजही अस्वस्थ करते. तिसरी खेप, कळा झटपट आल्या, प्रसूती सुखरूप झाली. सासूबाई म्हणाल्या, ‘आता निजू द्या तिला.’ आम्हीही बाळाकडे वळलो, चूक आमचीच. अर्ध्या तासाने बाळंतिणीने पाणी मागितले व ती तळमळू लागली. वरची चादर स्वच्छ होती. खालच्या घड्या उलगडल्या तो त्या रक्ताने थबथबलेल्या. नाडी १३०, आणि रक्तदाब मात्र अजून बरा! नाडी आधी धावते, दाब मागाहून कोसळतो. केवळ दाब पाहून निर्धास्त होणारा येथेच फसतो. मूत्राशय रिकामे केले, गर्भाशय चोळले, सलाईन व औषधे चालू केली, डॉक्टरांना बोलावले. रक्तपेढीत धावण्यास माणूस हवा, तर दीर आणि नणंदेचे यजमान बाळ पाहून केव्हाच घरी गेलेले! ती बाई वाचली. पण त्या रात्रीची धावपळ तिच्या वृद्ध सासऱ्यांनी एकट्याने केली.

डोळ्यांचा अंदाज रक्ताच्या बाबतीत नेहमी कमीच पडतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेली पिशवी पसरली, आणि रक्त ठरावीक रेघेवर जाताच सारे उपचार एकदमच सुरू केले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटावरील शस्त्रक्रिया व मृत्यू, या सर्वांचे मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. पिशवी साधी, परंतु तिने ‘वाटते’ हा शब्द काढून टाकला.

गरोदरपणातील एका विकाराचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक होणे, डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूस कळ, यांस आपल्या घरांत ‘पित्त’ म्हणून आल्याचा रस देण्याची रीत आहे. हे पित्त नव्हे. यातून झटके येतात, कधी प्रसूतीनंतरही येतात. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे २००२ सालच्या मोठ्या चाचणीत दिसून आले. तेही जपून द्यावे लागते: गुडघ्याची उडी, श्वासाची गती व लघवीचे माप पाहिल्याविना पुढची मात्रा देता येत नाही.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते, साड्या बरोबर जातात, पण तपासणीचे कार्ड सासरच्या कपाटात राहते! मग नव्या गावच्या परिचारिकेस आधीचा रक्तदाब, रक्तगट, हिमोग्लोबिन यांपैकी काहीच ठाऊक नसते. ओटीच्या नारळाआधी ते कार्ड पिशवीत घालावे.

नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ व महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. पूर्वीच्या मानाने ही मोठीच सुधारणा होय. तिच्यात परिचारिकांचा वाटा केवढा, हे ज्या ज्ञातीत ‘मुलीला डॉक्टर करू, पण नर्स नको’ असे अजून म्हटले जाते, तेथे आम्ही मुद्दाम सांगतो. पुण्याच्या सेवासदनाद्वारे रमाबाई रानडे यांनी विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणास पाठविले, ते लोकनिंदा सोसूनच. संस्था १९०९ सालची. इतक्या वर्षांनंतरही आपण तेथेच अडखळावे, हे आम्हांस पटत नाही.

आता आपणांकडे मागणे इतकेच. रक्त देऊ शकणारी दोन माणसे व वाहन बाळंतिणीजवळ ते दोन तास थांबवून ठेवावे. बाळास तासाभरात अंगावर पाजू द्यावे. चीक पिळून टाकू नये, कारण बाळ ओढू लागले की गर्भाशयही आवळते. आणि परिचारिका कापड उचलू लागली तर लाजेने तिचा हात धरू नये.

सभा संपल्यावर ज्या भगिनींना नाडी मोजण्यास शिकावयाचे असेल त्यांनी थांबावे. सेकंदकाट्याचे घड्याळ आम्ही बरोबर आणले आहे.