कचेरीचा नियम आणि नदीचे पाणी

नगर शहरातून मनमाडच्या रस्त्याला लागले म्हणजे सावेडी लागते. पूर्वी हे शहराबाहेरचे एक स्वतंत्र खेडे होते. आज ते दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. बंगले, शाळा, दवाखाने व दुकाने ह्यांच्या गर्दीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय येथेच आहे, ही गोष्ट पुष्कळ नगरकरांना ठाऊकही नसेल. त्याचे कारण साधे आहे. जन्माचा दाखला, शिधापत्रिका, घरपट्टी ह्यांसाठी प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या कचेरीची पायरी चढावी लागते. ह्या कचेरीची पायरी चढण्याचा प्रसंग सामान्य गृहस्थाला सहसा येत नाही. तथापि ज्या पाण्याचा पेला घरोघर ओठांस लागतो, त्याच्या शुद्धतेचा ह्या कचेरीतील टेबलांशी फार जवळचा संबंध आहे.

कायदे विधिमंडळात संमत होतात, त्यांची चर्चा वर्तमानपत्रांत होते, आणि कायदा झाला म्हणजे काम झाले असा समज सर्वत्र पसरतो. परंतु कायदा लोकांच्या दारी येतो तो अशा लहानशा कचेरीच्या अंतर्गत नियमांच्या वाटेने. अर्ज कोणी घ्यावा, तो किती दिवसांत पाहावा, सही कोणाची चालावी, तपासणीला कोणी जावे, पाण्याचा नमुना कसा घ्यावा, हे ते नियम होत. ते वाचावयास रुक्ष खरे. पण ते नीट असले तर कायदा जिवंत राहतो, आणि ढिले असले तर उत्तम कायदाही कपाटात पडून राहतो.

ह्या मंडळाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जलप्रदूषणास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९६९ साली केला आणि १९७० साली मंडळाची स्थापना झाली. पुढे १९७४ चा केंद्रीय जलकायदा आला व तो राज्याने १९८१ साली स्वीकारला. मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईस, त्याखाली प्रादेशिक कार्यालये, आणि त्यांच्याखाली उपप्रादेशिक कार्यालये, अशी ही उतरंड आहे. सावेडीची कचेरी नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाच्या हाताखाली येते. जिचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले त्या ह्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटरांवर आहे, आणि विस्ताराने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची मालिकाच लागली, व साखरेपाठोपाठ मद्यार्काच्या भट्ट्याही आल्या. २०१६ साली केंद्रीय मंडळाने उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा व पांढरा अशा चार रंगांत वर्गवारी केली, तेव्हा साखर व मद्यार्क हे दोन्ही उद्योग लाल वर्गात पडले.

आता एक प्रसंग कल्पावा. प्रवरेच्या काठी कोण्या एका गावात शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी एकाएकी तांबूस झाले आहे आणि त्याला वास येत आहे. गुरे तोंड लावीत नाहीत. ओढ्याने मळीचे पाणी आले, असे गावकरी म्हणतात. ही तक्रार पोरकट नव्हे. मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्याची जैविक प्राणवायू-मागणी, म्हणजे ते कुजताना पाण्यातील किती प्राणवायू खाऊन टाकील ह्याचे माप, दर लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमांच्याही वर जाते. आणि नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे अवघी तीस मिलिग्रॅमांची. शिवाय प्रवरेचे पाणी प्रवरासंगमास गोदावरीला मिळते व पुढे पैठणच्या नाथसागरात जाते. छत्रपती संभाजीनगर शहर तेच पाणी पिते. एका ओढ्याचे दुखणे असे दोन जिल्ह्यांचे होऊ शकते.

शेतकरी सावेडीस येऊन अर्ज देतो. क्षेत्र अधिकारी जातो आणि बाटलीत पाणी भरून आणतो. गावाला वाटते, आता न्याय झाला. पण न्यायाची खरी कसोटी त्या बाटलीपाशीच सुरू होते. जलकायद्याच्या एकविसाव्या कलमात नमुना घेण्याची रीत पायरीपायरीने सांगितली आहे. ज्याच्या जागेतून सांडपाणी निघते त्याला जागच्या जागी लेखी सूचना द्यावयाची. त्याच्या किंवा त्याच्या मुखत्याराच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावयाचे. दोन्ही भाग बाटल्यांत भरून, खूण करून मोहोरबंद करावयाचे व त्यांवर उभयतांच्या सह्या घ्यावयाच्या. एक भाग तत्काळ मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो. धन्याने मागणी केल्यास दुसरा वेगळ्या ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेकडे जातो. धनी मुद्दाम गैरहजर राहिला तर त्याचीही लेखी नोंद करावी लागते. ही रीत पाळली नाही तर त्या नमुन्याचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पाणी तेच, त्यातील घाण तीच. परंतु मोहोर नसल्यामुळे ते न्यायाधीशापुढे मुके होते.

मोहोरेइतकेच महत्त्व वेळेला आहे. प्राणवायूची चाचणी सत्तावीस अंश उष्णतामानात तीन दिवस चालते. बाटली बर्फात न ठेवता दोन दिवस गाडीत पडून राहिली तर पाण्यातील जंतू आपले काम वाटेतच उरकून घेतात व आकडा खोटा येतो. नगरहून नाशिकसारख्या प्रयोगशाळेच्या गावी जावयाचे म्हणजे दीडशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता. बर्फाची पेटी कोणी सज्ज ठेवावी, शनिवारी घेतलेला नमुना रविवारी कोणी पोहोचवावा, प्रयोगशाळेत तो कोणत्या घटकेस उतरला ह्याची नोंद कोठे व्हावी, हे प्रश्न कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सुटलेले नसतात. ते कचेरीलाच आपल्या नियमांनी सोडवावे लागतात, आणि तेथेच शेतकऱ्याची विहीर जिंकते किंवा हरते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कारखाना म्हणजे केवळ धुराडे नव्हे. त्याच्या हंगामावर ऊस घालणाऱ्यांची, तोडणाऱ्यांची व कामगारांची हजारो कुटुंबे अवलंबून असतात. त्याला संमतिपत्र हवे असते, आणि ते वेळेवर हवे असते. कायद्याच्या पंचविसाव्या कलमात ह्याची योजना आहे. संमती नाकारावयाची तर तिची कारणे लेखी द्यावी लागतात. सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जावर चार महिन्यांत होय किंवा नाही असे काहीच ठरले नाही, तर संमती मिळाली असे कायदाच मानतो, तेही बिनशर्त. ह्या तरतुदीचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. अर्ज बारनिशीत कोणत्या तारखेस चढला, तो अपुरा असल्याचे अर्जदारास कधी कळविले, टिपणी किती दिवस एका टेबलावर निजून राहिली, ह्यावर नदीच्या संरक्षणाच्या अटी टिकतात किंवा एकदम नाहीशा होतात. कारकुनाचा आळस येथे केवळ आळस राहत नाही. तो निर्णयाचे रूप घेतो.

सही कोणाची, हाही असाच प्रश्न आहे. लहान उद्योगांचे निर्णय खालच्या कचेरीत व्हावेत आणि मोठ्या भांडवलाचे वर जावेत, अशी अधिकारांची वाटणी मंडळात आहे. सर्व सत्ता मुंबईस ठेवली तर राहुरीच्या छोट्या गिरणीवाल्याला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागेल. सर्व खाली सोपविली तर स्थानिक वजनापुढे एकटा अधिकारी वाकण्याचा संभव. म्हणून तपासणी करणारा एक, निर्णय घेणारा दुसरा व अपील ऐकणारा तिसरा, हा भेद राखणे अवश्य ठरते. मंडळाचा हुकूम मान्य नसेल त्याला तीस दिवसांत अपील करण्याची मुभा कायद्याने दिली आहे ती ह्याचसाठी. २०१५-१६ च्या सुमारास केंद्र सरकारने राज्यांना ज्या सुधारणा सुचविल्या, त्यांत एकाच तपासनिसाने त्याच कारखान्यास लागोपाठ दोनदा जाऊ नये व तपासणीचा अहवाल अठ्ठेचाळीस तासांच्या आत संगणकावर चढवावा, असे दोन नियम होते. त्यांत माणसाच्या सचोटीविषयी अविश्वास आहे असे समजण्याचे कारण नाही. सज्जन अधिकाऱ्यालाही अशा नियमाचा आधारच होतो. कोणी गळ घातली तर त्याला नियमाकडे बोट दाखविता येते.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असेही नाही. इंग्लंडात १८६३ साली अल्कली कायदा झाला. सोडा करणाऱ्या कारखान्यांतून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने आसपासची झाडे व पिके करपत असत; त्या वाफेचा शेकडा ९५ भाग अडविलाच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ पहिले निरीक्षक झाले व त्यांच्या हाताखाली चार उपनिरीक्षक नेमले गेले. शेकडा ९५ हा आकडा कायद्यात लिहिणे सोपे होते. तो धुराड्यापाशी उभे राहून मोजावा कसा, ह्याची रीत त्या मूठभर माणसांना स्वतः बसवावी लागली. त्यांचे काम दरवर्षी अहवालरूपाने छापले जाई आणि ते वाचणाऱ्याला तपासून पाहता येई.

अंतर्गत नियमांचे महत्त्व ओळखण्याची परंपरा नगर जिल्ह्यात तर घरचीच आहे. १९८० नंतरच्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना ह्यांनी येथल्या जिल्हा कचेरीची रचनाच पालटली. दप्तरे वर्गवार लावली, बसण्याची मांडणी बदलली, कामाच्या रीती लिहून काढल्या. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती पद्धत महाराष्ट्रात व बाहेरही प्रसिद्ध झाली. दुसरी गोष्ट पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची. तेथील अण्णा हजारे ह्यांनी माहितीच्या अधिकारासाठी चळवळ उभारली व २००३ च्या ऑगस्टात मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले. त्याच महिन्यात राज्याच्या माहिती-अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर प्रत्येक सार्वजनिक कचेरीवर आपले अधिकार, निर्णयाची रीत व कामकाजाचे नियम आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. महाराष्ट्राच्या २००५ च्याच दुसऱ्या एका कायद्याने शासकीय कर्मचाऱ्यापाशी कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे ठरवून दिले.

नियम फार झाले म्हणजे माणूस यंत्र बनतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. नदीत मासे मरून तरंगत असता अर्जाचा नमुना चुकला म्हणून तक्रार परत करणारी कचेरी नियम पाळीत असेल, कर्तव्य पाळीत नाही. म्हणून चांगल्या नियमावलीत तातडीच्या प्रसंगासाठी वाट मोकळी ठेवावी लागते. मात्र त्या वाटेने जाणाऱ्या अधिकाऱ्याने आपण का गेलो ह्याची कारणे लिहून ठेवावीत, एवढी अट हवी. विवेकाला जागा असावी, पण त्याची नोंद असावी.

मग सुशिक्षित कुटुंबांनी काय करावे? पुष्कळ काही नको. कचेरीत दिलेल्या अर्जाची तारखेसह पोच मागून घ्यावी. नमुना घेतला असेल तर तो रीतसर मोहोरबंद झाला की केवळ माहितीसाठी घेतला, हे विचारावे. प्रसिद्ध केलेले नियम वाचावेत, व ते प्रसिद्ध नसतील तर मागावेत. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळास साठ दिवसांची सूचना देऊन नागरिकाने स्वतः न्यायालयात जाण्याची वाट जलकायद्यात घातली आणि त्यासाठी मंडळापाशी असलेले अहवाल मागण्याची सोयही ठेवली. अशा वाटा वापरात राहिल्या तरच मोकळ्या राहतात.

त्या कल्पिलेल्या गावातील शेतकरी कायद्याचा पंडित नाही, आणि त्याने तो व्हावे अशी अपेक्षाही नाही. त्याला विहिरीचे पाणी पूर्वीसारखे हवे आहे. ते त्याला मिळेल की नाही, हे सावेडीच्या कचेरीतील एका बारनिशीवर, एका बर्फाच्या पेटीवर आणि बाटलीच्या तोंडावरील एका मोहोरेवर अवलंबून आहे.