लखनौचा अंतिम सामना
(हीरक महोत्सवी क्रीडा सप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



गुणपत्रिका हाती आली की घरोघरी तुलना सुरू होते. क्रीडाक्षेत्रही या सवयीला अपवाद नाही. नवा खेळाडू चमकला की त्याचे वर्ष लगेच एखाद्या थोर विजेत्याच्या वर्षाशेजारी ठेवले जाते. नागपूरच्या मालविका बनसोडच्या वाट्याला हे जानेवारी २०२२ मध्ये आले.

वीस वर्षांच्या मालविकाने दिल्लीच्या इंडिया ओपन बॅडमिंटन स्पर्धेत सायना नेहवालला २१-१७, २१-९ असे हरवले. पुढच्याच आठवड्यात तिने लखनौच्या सय्यद मोदी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. आठ वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेल्या सय्यद मोदी यांची १९८८ मध्ये लखनौतच हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ ही स्पर्धा भरते. अंतिम सामन्यात पी. व्ही. सिंधूने मालविकाला २१-१३, २१-१६ असे नमविले.

आता सायनाचे २००९ हे वर्ष पाहा. जून महिन्यात जकार्ता येथे चीनच्या वांग लिनविरुद्ध पहिला गेम १२-२१ असा गमावूनही तिने इंडोनेशिया ओपन जिंकली. सुपर सिरीज विजेतेपद मिळविणारी ती पहिली भारतीय ठरली. त्याच वर्षी लखनौचा चषकही तिने पटकावला. तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती.

चषक मोजले तर ही तुलना क्षणभरही टिकत नाही. शिवाय दिल्लीत मालविकासमोर उभी असलेली सायना एकतीस वर्षांची होती आणि दुखापतींशी झुंजत होती, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु २००९ च्या आधी २००८ येते. त्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत पहिला गेम जिंकूनही सायना पराभूत झाली होती. त्यानंतर काही महिन्यांतच पुण्यात ती जागतिक कनिष्ठ विजेती झाली आणि पुढच्या वर्षी जकार्ता घडले. म्हणून मालविकाचे लखनौ सायनाच्या जकार्ताशेजारी नव्हे, बीजिंगशेजारी ठेवावयास हवे.

मालविकाची पुढची वाट मात्र लांबली. सप्टेंबर २०२४ मध्ये चायना ओपनच्या पहिल्या फेरीत तिने पॅरिस ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती ग्रेगोरिया तुनजुंग हिला २६-२४, २१-१९ असे हरवून पुढे उपान्त्यपूर्व फेरी गाठली. नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील हायलो ओपनच्या अंतिम फेरीत ती पुन्हा हरली. त्या वर्षअखेरपर्यंत तिचे जकार्ता आलेले नव्हते. ते येईलच, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही लखनौनंतर ती खेळत राहिली, हे कोणत्याही चषकाच्या नोंदीत दिसत नाही.

शाळेच्या साठ वर्षांच्या गुणवंतांच्या फलकावर प्रत्येकाचे २००९ तेवढे लिहिलेले आहे. आज वर्गात बसलेल्या कित्येकांचे २००८ चालू आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांच्याकडे पुढल्या वर्षाचा जाब आजच मागू नये. आणि मुलांनी हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीही सरावाला यावे, एवढीच अपेक्षा.