त्वचारोगांची नावे आणि शिक्षकांचे कर्तव्य
(शिक्षक-संमेलनात दिलेल्या भाषणाचा सारांश)



खेड्यातील मुलाच्या अंगावर उठलेला डाग आईच्या खालोखाल जर कोणाच्या दृष्टीस पडत असेल, तर तो शिक्षकाच्या. वैद्य गावात असतोच असे नाही. शिक्षक मात्र रोज असतो. त्यामुळे त्या डागाला पहिले नाव बहुधा शाळेतच मिळते, आणि एकदा चिकटलेले नाव डाग गेला तरी जात नाही. म्हणून त्वचा व तिचे विकार यांविषयीचे शब्द शिक्षकाने जपून वापरले पाहिजेत.

प्रथम त्वचेचा विचार करू. तिचे मुख्य थर दोन : वरची बाह्यत्वचा व तिच्याखालची अंतस्त्वचा. त्वचेला रंग देणारे द्रव्य बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी तयार करतात. अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, घर्मग्रंथी, केसांची मुळे व स्पर्शज्ञान करून देणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. एवढे ध्यानात राहिले म्हणजे एक महत्त्वाचा भेद कळतो. काही विकारांत केवळ रंग जातो. काहींत रंगाबरोबर स्पर्शही जातो.

आता नावे पाहू. लोकभाषेत त्वचेच्या विकारांना शब्दांचा तोटा नाही : खरूज, नायटा, गजकर्ण, इसब, शिबे, कोड, नागीण, चाई, चिखल्या, घामोळे. यांतील पुष्कळ शब्द नेमके आहेत. परंतु नावावरून कारण ओळखता येईलच असे नाही. नागिणीचा सापाशी काही संबंध नाही. कांजिण्यांचाच विषाणू शरीरात दडून राहतो व पुढे कधी तरी मज्जातंतूच्या मार्गाने फोडांची रांग उठवतो. 'रक्तपित्त' म्हणजे आयुर्वेदात रक्तस्रावाचा विकार. त्याच शब्दावरून आलेली मराठीतील 'रक्तपिती' मात्र कुष्ठरोगाचा अर्थ देते.

सर्वांत अधिक घोटाळा 'कुष्ठ' या शब्दाचा. प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे. आज ज्यांना नायटा किंवा इसब म्हणतात तसले किरकोळ विकारही त्यांत मोडतात. पुढे हाच शब्द प्राकृतातून 'कोढ' असा उतरला. हिंदीने तो कुष्ठरोगासाठी ठेवला. मराठीत 'कोड' म्हणजे निव्वळ पांढरे डाग. वऱ्हाडच्या बाजारात मराठी व हिंदी शेजारी शेजारी नांदतात. एकाने 'कोड' म्हणावे, दुसऱ्याने 'कोढ' ऐकावे, आणि निरोगी मुलीच्या अंगावरील पांढरा ठिपका तिच्या लग्नाच्या आड यावा, असा हा एका अक्षराचा अनर्थ आहे.

वस्तुतः दोहोंत मूलभूत भेद आहे. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, तेथील स्पर्श शाबूत असतो आणि तो संसर्गाने पसरत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा दुधाळ पांढरा नसतो. भोवतालच्या कातडीहून फिकट, लालसर किंवा तांबूस असतो. तो बहुधा खाजत नाही, दुखत नाही, आणि बहुतेक वेळा तेथील स्पर्शज्ञान कमी झालेले किंवा नाहीसे झालेले असते. दुखत नाही म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. हातापायांची बोटे झडतात ती रोगाने कुजून नव्हेत. चटका व जखम कळत नसल्यामुळे पुनःपुन्हा इजा होऊन ती झिजतात. वेळीच ओळखले तर हे सारे टळते.

या रोगाचे जंतू नॉर्वेमधील हान्सेन याने १८७३ साली दाखवून दिले, आणि रोग पापाचे फळ आहे ही समजूत निराधार ठरली. तरीही समाज बदलण्यास वेळ लागला. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली 'विदर्भ महारोगी सेवा मंडळ' स्थापिले. त्यांची वसाहत 'तपोवन' या नावाने ओळखली जाते. घराबाहेर काढलेल्या माणसांना तेथे औषधाबरोबर काम व प्रतिष्ठाही मिळाली. त्या काळी 'महारोगी' हा शब्द रूढ होता. पुढे 'कुष्ठरोगी' आला आणि आता 'कुष्ठरोगबाधित व्यक्ती' असे म्हणतात. यात रोगाआधी माणूस पाहण्याचा प्रयत्न आहे. कायदाही हळूहळू बदलला : १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा अधिनियम २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून वगळले गेले.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोगी बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर अल्पावधीतच त्याच्यापासून संसर्गाचे भय राहत नाही. शासकीय दवाखान्यांत ही औषधे विनामूल्य मिळतात. अशा मुलाला शाळेतून दूर ठेवण्याचे कारण नाही.

मग शिक्षकाने काय करावे? रोगाचे नाव उच्चारू नये. जे दिसते त्याचे वर्णन करावे. डागाचा रंग कसा? कडा उंच आहेत काय? कोंडा सुटतो काय? खाज येते काय, आणि ती रात्री वाढते काय? तेथे कापसाचा तंतू टेकविल्यास मुलाला कळते काय? वऱ्हाडात कापूस कोठेही मिळतो. पण ही परीक्षा वर्गासमोर करू नये, ती आरोग्यसेवकाकडून एकांतात व्हावी. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांतील खाज बहुधा खरजेची. तिला घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. खाजणारे, उंच कडेचे वर्तुळ बहुधा नायट्याचे. त्यावर दुकानातून मनाने आणलेले मलम चोळल्यास तो दबतो आणि पुन्हा अधिक पसरतो. निदान वैद्यानेच करावयाचे.

मुलाला वेगळे बसवू नये, हजेरीपुस्तकात शेरा लिहू नये. पालकास एकटे बोलावून, "हा डाग दवाखान्यात दाखवून घ्या," एवढेच सांगावे. त्या एका वाक्याने एखाद्या मुलाचे हात वाचतील. आणि न उच्चारलेल्या एका शब्दाने दुसऱ्या एखाद्याचे शिक्षण वाचेल.