वाळवंटातल्या डोंगराचा उन्हाळा



वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूचे सपाट मैदान उभे राहते. पण अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, ॲरिझोना राज्यात, सोनोरा नावाचे जे वाळवंट आहे त्याच्या मधोमध उंच डोंगर आहेत. टूसॉन शहराच्या उत्तरेला सांता कॅटालिना ही अशीच एक रांग आहे. भर उन्हाळ्यातही पुष्कळ माणसे हौसेने ती पायी चढतात. अशा डोंगरात उन्हाळ्यात कसे वागावे, हे तिथल्या मुक्या प्राण्यांकडून कसे शिकता येते, ते आज पाहू.

आधी डोंगराची उंची ध्यानात घ्या. टूसॉन शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटर उंचीवर आहे, आणि माउंट लेमन हे रांगेतले सर्वांत उंच शिखर २,७९२ मीटरांवर. सारा लेमन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई १८८१ साली तिथवर चढून गेल्या, त्यांचेच नाव शिखराला आहे. आता, कोरडी हवा हजार मीटर वर गेली की बरीच थंड होते. हवेचा सर्वसाधारण हिशेब धरला तर हजार मीटरला साडेसहा अंश. म्हणजे खाली ४० अंशांची काहिली असताना शिखरावर सत्तावीसच्या आसपास. पायथ्याशी निवडुंग, मध्ये ओक, वर पाईन आणि माथ्याजवळ फर. एका दिवसाच्या चढणीत जणू अनेक देशांची राने पाहून होतात.

पायथ्याचा राजा म्हणजे सवारो नावाचा निवडुंग. हा खांबासारखा उभा वाढतो, चाळीस फुटांपर्यंतही जातो आणि दीडशे वर्षे जगतो. त्याची फुले रात्री उमलतात. त्यांतला मध पिण्यास मेक्सिकोकडून लांब नाकाची वटवाघळे येतात, आणि परागही तीच वाहतात. ही वटवाघळे इतकी कमी झाली होती की १९८८ साली त्यांना धोक्यातील प्राण्यांच्या सरकारी यादीत घालावे लागले. दोन्ही देशांनी त्यांच्या गुहा आणि त्यांचे खाद्य राखले, आणि २०१८ साली त्यांचे नाव यादीतून निघाले. सवारोची फळे जूनअखेर पिकतात. तोहोनो ओओधम हे तिथले मूळचे लोक लांब काठीने ती पाडतात, आणि तेथूनच आपले नवे वर्ष मोजतात. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेतलाच, बरे का!

फळे पिकली की पाऊस येतो. हाही मोसमी पाऊसच. टूसॉनला वर्षाला साधारण ११ इंच पाऊस पडतो, आणि त्यातला निम्मा याच मोसमात. २००८ सालापासून तिथल्या हवामान खात्याने १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा काळ ठरवून दिला आहे. आपल्या शेतकऱ्यांना हे दिवस ओळखीचे वाटतील.

आता पाऊस येण्याआधीच्या त्या कोरड्या दिवसांत प्राणी काय करतात ते पाहा. हीला नावाचा विषारी सरडा जवळजवळ सारे आयुष्य बिळात काढतो. कांगारू-उंदीर दिवसा बीळ सोडत नाही आणि पाणीही पीत नाही. कोरड्या बियांतून शरीरात जे पाणी तयार होते त्यावर तो भागवतो. खुळखुळ्या साप उन्हाळ्यात रात्री हिंडतो. दुपारी बारा वाजता त्या वाटेवर चालणारा प्राणी एकच, तो म्हणजे माणूस!

म्हणून तिथले जाणकार सांगतात, पहाटे उजाडण्यापूर्वी निघा. निम्मे पाणी संपले की शिखर कितीही जवळ दिसो, मागे फिरा. वरून खाली उतरणाऱ्याने तर दुप्पट जपावे. सकाळी गारव्यात तो उतरत जातो, प्रत्येक पावलागणिक उन्हात शिरतो, आणि चढण नेमकी भर दुपारी, थकलेल्या पायांसाठी शिल्लक राहते. पावसाळ्यात विजा बहुधा दुपारनंतर कडाडतात, तेव्हा माथा त्याआधी सोडावा. आणि आभाळ निरभ्र दिसले तरी ओढ्यावर विसंबू नये. २६ जुलै १९८१ रोजी याच डोंगरांजवळच्या टँके व्हर्दे धबधब्यावर वरच्या बाजूच्या पावसाने एकाएकी लोंढा आला आणि आठ माणसे गेली.

एक गोष्ट मात्र माणसाच्या शहाणपणाची कसोटी पाहणारी आहे. या कड्यांवर बिगहॉर्न नावाच्या, मोठ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्या राहत. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्यांना मोकळा उतार हवा. माणसाने वणवे विझवण्याचा सपाटा लावला, झुडपे माजली. खालून शहर वर सरकले, वाटांवर कुत्री आली. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या रानमेंढ्या नाहीशा झाल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये बाहेरून ३१ मेंढ्या आणून सोडल्या. पहिल्या काही महिन्यांतच त्यांतल्या पुष्कळ प्यूमांनी मारल्या. तेव्हा वन्यजीव खात्याने काही प्यूमा ठार केले. मेंढी वाचवण्यासाठी प्यूमा मारावा काय, असा मोठा वाद झाला. पुढे आणखी मेंढ्या आणल्या गेल्या. जून २०२० मध्ये वीज पडून वणवा लागला. त्यात सुमारे १ लाख २० हजार एकर रान पेटले. काही उतार मोकळे झाले, पण उंचावरची पाईनची झाडे होरपळली.

या मेंढ्यांसाठी पायी फिरणाऱ्यांनाही नियम आहे. त्यांच्या मुलखात कुत्रे नेता येत नाही, आणि १ जानेवारी ते ३० एप्रिल या पिलांच्या दिवसांत वाटेपासून ४०० फुटांपलीकडे जाता येत नाही. नियम लहानसा आहे, पण घाबरून पळालेल्या आईचे पिलू कड्यावर एकटे पडते, हे तो जाणतो.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावच्या टेकडीच्या पायथ्याशी आणि माथ्यावर एकाच वेळी तापमापी ठेवून मुलांना फरक मोजू द्या. पहाटे पाणवठ्यावर नेऊन ठसे पाहायला लावा. दुपारी मात्र मुलांना घरी ठेवा. ज्याचे रान आहे तो प्राणी त्या वेळी सावलीत असतो, मग पाहुण्याने उन्हात का हिंडावे? रानात गेल्यावर रानाचे वेळापत्रक पाळावे, एवढेच आजचे सांगणे.